पच्च म्हणजे कोणता रंग

आईला मोतीबिंदू झाला आहे हे आम्हाला मक्यामुळे कळलं. खरं तर ते बाबांच्या शर्टांमुळे आधीच कळायला हवं होतं. आईला पांढरे शर्ट पिवळट दिसत, म्हणून ती दर धुण्याला निळीचे थेंब वाढवत गेली. बाबा आदिलाबादला सरकारी ऑफिसात क्लार्क आहेत. त्यांचे शर्ट हळूहळू आकाशी झाले. एकदा साहेबांनीच विचारलं, नवीन युनिफॉर्म निघाला काय. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "नीट धुतलं की लोकाच्या डोळ्यात येतेच."

आम्ही तेलंगणात, आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात राहतो. इचोड्याजवळ हमरस्त्याला लागून आमचं दोन एकर वावर आहे. मी शाळेत असताना बाबांनी ते घेतलं आणि घेतल्यापासून दरवर्षी ठोक्यानं दिलं. ठोक्यानं म्हणजे वर्षाचं काय ते ठरवून दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि आपण पासबुक सांभाळायचं. आई लग्नाआधी लोकांच्या वावरात रोजानं निंदायला जायची. लग्न होऊन ती क्लार्कची बायको झाली आणि निंदण सुटलं. पुढे घरात जमीन आली तेव्हाही तिला तिथे जायला काही कारण नव्हतं. बस इचोड्याच्या अलीकडे आली की ती खिडकीकडची जागा मागून घ्यायची, एवढंच.

मागच्या वर्षी ठोक्यावाले काका सोयाबीन काढून मोकळे झाले आणि हिवाळ्यात काही पेरणार नाही म्हणाले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. म्हणजे उगादीपर्यंत, आपल्या पाडव्यापर्यंत, वावर रिकामं राहणार होतं.

"मी करतो मक्का," आई म्हणाली.

"तू?" बाबा म्हणाले.

"मंग काय तुमच्या ऑफिसातून माणूस मागवू?"

बाबांनी अट घातली. बाबा अटी चांगल्या घालतात, नोकरीच तशी आहे. शेजारच्या वावरातल्या अक्काच्या मक्क्याएवढी आपली मक्का झाली, तर पुढच्या सालापासून वावर आईचं. नाही झाली, तर उगादीला परत ठोक्यानं. आई लगेच "बरं" म्हणाली. ती इतक्या लवकर कशालाच बरं म्हणत नाही. त्यावरून तिला ते किती हवं आहे हे मला कळलं. बाबांना कळलं की नाही, माहीत नाही.

अक्का आईपेक्षा वयानं मोठी. तिच्या घरात तेलुगू बोलतात. आमच्या मक्याला पाणी तिच्याच बोरचं. आई तिच्याशी मराठीत बोलते, ती आईला तेलुगूत उत्तर देते आणि पाण्याच्या पाळीवरून दोघी हिंदीत भांडतात. ती आईला वदिना म्हणते, म्हणजे वहिनी. मला ती काहीच म्हणत नसे, कारण मी तिच्याशी बोलत नसे. मी पहिलीपासून इंग्लिश मीडियमची. अनोळखी माणूस समोर आला की माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत येतं, आणि तेलुगूत पोचेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो.

तेव्हा मी नोकरीच्या परीक्षा देत घरी होते. म्हणून युरियाचं खातं माझ्याकडे आलं. दुकानातल्या आधारच्या मशीनला आईचा अंगठा लागत नव्हता. भांडी, कपडे आणि लहानपणचं निंदण यांनी रेषा पुसल्या असाव्यात. माझा पहिल्या झटक्यात लागला. दुकानदार म्हणाला, "मॅडमचा अंगठा एकदम नवीन आहे." रांगेतले लोक हसले. मी पावती घेतली.

मक्याचा युरिया एकदम देऊन चालत नाही, हे मी तोवर वाचून काढलं होतं. पेरताना थोडं खत, मका गुडघ्याला आला की युरियाचा एक डोस, आणि तुरा निघायच्या आधी दुसरा. सगळा आधीच टाकला तर बराचसा हवेत आणि पाण्यात जातो. उशिरा टाकला तर पाला हिरवा होतो, पण कणीस केवढं होणार हे तोवर ठरून गेलेलं असतं. म्हणजे मक्याला भूक लागते तेव्हाच वाढायचं. आई म्हणाली, यात वाचण्यासारखं काय आहे.

कृषी खात्यातली एक मुलगी गावात यायची. तिनं मला प्लास्टिकची एक पट्टी दिली. पट्टीवर फिक्या पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत रंगांचे चौकोन असतात. मक्याचं वरचं, पूर्ण उघडलेलं पान त्यावर ठेवायचं आणि कोणत्या चौकोनाशी जुळतं ते बघायचं. गडद असेल तर थांबायचं, फिकं असेल तर युरिया द्यायचा. पानावर आपली सावली पाडायची, रोज त्याच वेळी बघायचं आणि बघणारा माणूस एकच असला पाहिजे. ती मुलगी माझ्याच वयाची होती आणि माझ्याइतकंच कमी बोलायची. तिनं पट्टी दिली, मी घेतली, दोघींना बरं वाटलं.

बघणारा माणूस मी झाले. मला ते काम आवडलं. पान काही विचारत नाही.

आईचं आणि पट्टीचं मात्र जमलं नाही. पहिला डोस देऊन झाल्यावरही ती रोज म्हणायची, "पाय, पिवळी पडून राह्यली."

"नाही आई. चौथा रंग आहे. बरोबर आहे."

"तुही पट्टीच पिवळी हाय."

मी पट्टीवरचा सगळ्यात गडद चौकोन तिच्यासमोर धरला. "हा?"

"हा बी पिवळाच. जरासा मळका."

मग मी तिला आकाश कसं दिसतं ते विचारलं. अक्काचा मका कसा दिसतो ते विचारलं. तोही पिवळा होता. अक्काची बैलजोडीही पिवळी होती. आईला वाटत होतं की या वर्षी सगळीकडेच खताची कमी आहे.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं, वर्ष संपता संपता. डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही असं सांगितलं. त्यात शेती पूर्ण आली. डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा आईनं पहिल्यांदा बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "शर्ट निळा काऊन हाय तुमचा?"

बाबांनी शर्टाची बाही बघितली. कुठून सुरुवात करावी हे त्यांना समजलं नसावं.

मी डोळ्यात थेंब टाकायला घरी राहिले. त्यामुळे मका इचोड्याला आणि रंगाची पट्टी मावल्यात, माझ्या टेबलावर. दुसऱ्या डोसची दोन पोतीही घरीच होती, दिवाणाखाली. वावरातल्या झोपडीला कुलूप नव्हतं, आणि टंचाईच्या त्या दिवसांत युरिया उघड्यावर ठेवण्याची वस्तू राहिली नव्हती. पाहुणे दिवाणावर बसून आईच्या डोळ्याची चौकशी करायचे आणि जाताना विचारायचे, घरात कसला वास येतो.

त्यातच अवकाळी पाऊस झाला. थंडीत येतो तसा, कुणाला नको असताना. मावल्यात दोन दिवस पडला. इचोड्याकडे जास्त झाला असं बाबा ऑफिसातून ऐकून आले. पाऊस उघडल्यावर काही दिवसांनी अक्काचा फोन आला. आई पडलेली होती म्हणून बाबांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"वदिना, मक्क पच्चगयिंदि," अक्का ओरडत होती. ती फोनवर ओरडूनच बोलते, हमरस्त्यावरच्या ट्रकांमुळे. "मस्तु पच्चगयिंदि! मस्तु!" मग एक ट्रक गेला आणि फोन कटला.

"पच्च म्हणजे हिरवी," बाबा म्हणाले. "मक्का मस्त हिरवी झाली म्हणते."

बाबांचं तेलुगू ऑफिसातलं आहे. तिथे मोठ्या साहेबांच्या सह्या हिरव्या शाईनं होतात आणि त्या शाईला सगळे पच्च सिरा म्हणतात. पच्च सिराची सही नसली की कागद पुढे सरकत नाही. बाबांची सगळी नोकरी त्या रंगाची वाट बघण्यात गेलेली, त्यामुळे त्या शब्दाबद्दल त्यांना शंका असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शाळेत तेलुगू घेतलं होतं. पुस्तकात रंगांच्या पानावर पोपट होता आणि खाली आकुपच्च लिहिलं होतं. पिवळ्याचा शब्द वेगळा होता, पसुपु, त्यावर हळदीचं चित्र. मी म्हटलं, बरोबर आहे.

आई उठून बसली. "पण मंग तिनं फोन काऊन केला?"

"चांगली बातमी सांगायला," बाबा म्हणाले.

"अक्का? फोन करून माह्या मक्क्याची तारीफ करून राह्यली?"

"पाऊस झाला ना. पावसानं हिरवं होणारच."

आईनं थोडा वेळ विचार केला. मग तिचा चेहरा बदलला. मला वाटतं अक्कानं तारीफ केली ही गोष्ट तिला इतकी आवडली की ती खरी नसेल हा विचार तिनं बाजूला ठेवला. "मस्तु म्हणे?" तिनं विचारलं.

"दोनदा म्हणे."

परत फोन लावला तर लागला नाही. चांगल्या बातमीसाठी पुन्हा पुन्हा कोण लावतं. संध्याकाळी डोळा बघायला आलेल्या मावशीला आईनं डोळ्याबद्दल एक वाक्य सांगितलं आणि मक्याबद्दल बरीच.

दुसऱ्या डोसचे दिवस आले होते. बाबा म्हणाले, मका हिरवा असताना घाई कशाला, तुझा डोळा बरा होऊ दे, आणि जास्त युरियानं तो नुसता माजतो, वाऱ्यानं आडवा होतो. हे खरं आहे. पट्टीचंही तेच म्हणणं होतं, हिरवं असेल तर थांबा. पट्टीवर पच्च नावाचा चौकोन नव्हता हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही थांबलो.

डोळ्यातले थेंब कमी झाले तेव्हा आई मला म्हणाली, "जा, फोटो काढून आण. असा काढ की अक्काची बी दिसली पायजे बाजूला."

मी सकाळच्या बसनं गेले. रस्त्यावरूनच दिसत होतं. वरचा भाग ठीक होता, थोडा फिका. खालच्या पट्ट्यात, जिथे वावर उतरतं, तिथे मका पिवळा होता. त्यासाठी रंगाची पट्टी काढायची गरज नव्हती, पण मी काढली, कारण ती हातात असली की मला काय करायचं ते माहीत असतं. पावसाचं पाणी तिथे साचून राहिलं होतं, अजून पाय रुतत होते. पहिल्या डोसचं जे काही मातीत होतं ते त्या पाण्यात गेलं. खालच्या पानांवर शेंड्यापासून मधल्या शिरेनं आत आत पिवळी पाचर गेली होती. पुस्तकात त्याचं चित्र असतं. त्या चित्रातलं पान नेमकं तसंच असतं, हे बघून मला क्षणभर चुकीच्या कारणासाठी बरं वाटलं.

धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे अक्काचा मका उभा होता. तिचं वावर उंचावर आहे. तो गडद होता.

अक्का पाण्याचा पाइप ओढत आली. मला एकटीला बघून थांबली. "अम्मा येदि? आई कुठे?"

"डोळा," मी म्हटलं.

"मी फोन केला. किती दिवस झाला. कोणीच नाही येत." ती पिवळ्या पानांकडे हात करून म्हणाली, "पच्चगयिंदि म्हन्ला ना मी!"

माझ्या तोंडून वाक्य एकदम मराठीत बाहेर आलं. "पच्च म्हणजे हिरवं ना?"

अक्कानं माझ्याकडे असं बघितलं, जणू आमच्या घरात आजार फक्त डोळ्याचा आहे की आणखी काही, हे तिला तपासायचं होतं. "हे हिरवं हाय?"

"नाही. पण पच्च..."

"माणसाला पच्चकामेर्लु होते, मालूम? डोळा पच्च होते, नख पच्च होते."

"कावीळ?"

"हां, कावीळ. तुमच्या मक्काला कावीळ. मस्तु म्हन्ला मी, म्हणजे लई."

"मग हिरव्याला काय म्हणता?"

"पच्च."

"दोन्हीला?"

"दोन्हीला."

"मग समजायचं कसं?"

अक्कानं पाइप खाली ठेवला. "बघून," ती म्हणाली. "आणि चांगला असला तर मी फोन का करते? मला काम नाही?" मग ती हसायला लागली. तिचं हसणं थांबेना. तिनं लांब उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला ओरडून सगळं सांगितलं, तेलुगूत, त्यात मला फक्त पच्च हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला. दर वेळी तो कोणता होता ते कळलं नाही.

आईचा फोन आला. "फोटो काऊन नाही पाठवला?"

मी पाठवला. अक्काचा मका बाजूला दिसत होता, सांगितलं होतं तसा. आईनं तो उघडून बघितला.

"बाई, हे पिवळं हाय, का माझा डोळा?"

"पिवळं आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

"म्हणजे डोळा बरा झाला," ती म्हणाली. मग आवाज बदलला. "तुरा निघाला का? पोंग्यात बोटानं चाचपून पाय."

मी पोंग्यात, म्हणजे वरच्या पानांच्या गुंडाळीत, चाचपून बघितलं. आत तुरा लागत होता, बाहेर यायचा होता. एवढाच वेळ उरला होता. मी ते सांगितलं आणि आईनं फोन ठेवला.

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एक पोतं त्यांनी स्कूटरवर पायांमध्ये ठेवून आणलं. दुसरं आईनं बसनं आणलं. तिला येऊ नको सांगितलं होतं, पण सांगणारे दोघेही तेव्हा घरात नव्हते. बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. पोत्याचं मात्र त्यानं पूर्ण तिकीट फाडलं. आईनं त्याला विचारलं, पोतं बाई नसून बुवा आहे हे कशावरून. मग त्यानंच ते उतरवून दिलं. आई काळा चष्मा लावून, तोंडाला ओढणी बांधून हमरस्त्याच्या कडेला पोत्याशेजारी उभी होती. मी आणि अक्कानं ते उचलून नेलं.

आधी अक्काच्या नवऱ्यानं खालच्या पट्ट्यातलं उरलेलं पाणी वाट करून काढून दिलं. ओल हवी, पण पाणी नको. मग युरिया. आमच्याकडे तो पाण्याच्या बाटलीच्या झाकणानं मोजून देतात. दोन झाडांच्या मध्ये एक झाकण, खोडापासून चार बोटं लांब, आणि वरून पायानं माती. वरून भिरकावला तर दाणे पोंग्यात पडतात आणि पानं जळतात. अक्कानं तिच्या ओळखीच्या दोघी बोलावल्या होत्या. बाबा ऑफिसच्या पँटच्या घड्या करून ओळीत उतरले.

आईला वाकायची बंदी होती म्हणून ती धुऱ्यावर बसली. आम्हाला वाटलं ती शांत बसेल.

"अहो, पोंग्यात पडून राह्यलं ते! सही मारल्यावानी नका मारू!"

"वाऱ्यानं उडतं," बाबा म्हणाले.

"वारा काय फक्त तुमच्याच ओळीत हाय?"

त्या दोघी हसल्या. बाबा खाली वाकून टाकू लागले. थोड्या वेळानं आई एक डोळा झाकून मक्याकडे बघत होती, मग दुसरा झाकून. उजवा नवीन, डावा जुना.

"काय करतेस?" मी विचारलं.

"या डोळ्यानं पिवळी हाय," ती म्हणाली. "त्या डोळ्यानं लई पिवळी हाय." मग काळ्या चष्म्याखालून पाणी आलं. मला डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं, डोळ्याला पाणी आलं तर चोळू नये, स्वच्छ कापडानं टिपावं. माझ्याकडे स्वच्छ कापड नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "बसू नको. ओळ राह्यली तुही."

काम त्या दिवशी संपलं नाही, रविवारपर्यंत चाललं. रविवारी बाबा स्वतःहून आले. त्यांनी स्वतःसाठी वेगळं झाकण आणलं होतं, काठ नीट असलेलं.

नंतरचे आठवडे मी पट्टी घेऊन जात राहिले. वरच्या भागाचा रंग परत आला. खालच्या पट्ट्यातली नवी पानं हिरवी निघाली, जुनी पिवळी तशीच वाळली. तुरे आले, कणसं धरली. मका काढला तेव्हा वरच्या भागातली कणसं अक्काच्या कणसांशेजारी ठेवली तर ओळखू आली नसती. खालच्या पट्ट्यातली बोटभर आखूड होती आणि टोकाला दाणे नव्हते. मी हे आईला सांगितलं नाही. तिला आता दिसत होतं.

बाबांनीही बघितलं. एक वरचं, एक खालचं आणि एक अक्काच्या वावरातलं, अशी तीन कणसं त्यांनी धुऱ्यावर ओळीनं ठेवली आणि बघितली. अट सरळ होती. अक्काच्या मक्क्याएवढी. वरचा भाग किंवा सरासरी असं त्यात काही नव्हतं. अट घालताना असल्या सवलती त्यांनी ठेवल्या नव्हत्या आणि आईनं मागितल्या नव्हत्या. आईनंही नंतर एकदाही विषय काढला नाही. तिनं झोपडीतली दोरी, विळा आणि पाण्याची घागर घरी आणली आणि धुऊन ठेवली. म्हणजे तिनं निकाल धरून टाकला होता.

उगादीच्या दोन दिवस आधी ठोक्यावाले काका आले. मुलीचं लग्न चांगलं झालं होतं. त्यांनी लाडू आणले होते. ते दिवाणावर बसले. आईनं चहा ठेवला. मी दारात उभी होते, आत की बाहेर हे न ठरवता.

"मंग साहेब," काका म्हणाले, "मागच्यासारखंच करायचं? या वर्षी कापसाची पऱ्हाटी लावतो म्हणतो."

बाबांनी लाडू उचलला, बघितला आणि परत ठेवला. आई चहा गाळत होती. गाळण्यातून चहा पडायचा थांबला तरी ती गाळणं तसंच धरून उभी होती.

"त्याचं असं आहे," बाबा म्हणाले. ऑफिसात कुणाला नाही म्हणायचं असलं की ते अशी सुरुवात करतात. "खालच्या पट्ट्यात पाणी साचतं. त्याला धुऱ्यालगत चर काढावा लागेल. ते काम अर्धवट आहे."

"चर मी काढून घेतो ना."

"नाही, नाही. काम चालू असताना कब्जा देता येत नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"कशाची जबाबदारी, साहेब? दोन एकर तर हाय."

"दोन एकर असो की दोनशे. अर्धवट काम असलं की फाइल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहते."

काकांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी फरशीकडे बघितलं. ते चहा प्यायले, दुसऱ्या कुणाच्या वावराची चौकशी केली आणि गेले. लाडू ठेवून गेले.

आई गाळणं घेऊनच बाहेर आली. "कोणता चर?"

"खालच्या पट्ट्यातला."

"तो कवा काढला? मी तर नाही पायला."

"अर्धवट म्हटलं ना," बाबा म्हणाले. "काढायचं ठरलंय. खोदायचा राह्यलाय."

आईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. मग ती आत गेली, धुऊन ठेवलेली घागर काढली आणि मला विचारलं, इचोड्याची पहिली बस किती वाजता असते, आणि अक्काकडे फावडं आहे का ते फोन करून विचारशील का.

मी फोन लावला. अक्कानं उचलल्यावर मी वाक्य तयार करत बसले नाही.